शेंगेबाहेर काढलेला भ्रूण: रेपसीडच्या तेलाचं एक प्रकरण

मोहरीवर्गातल्या रेपसीड या तेलबियेची शेंग फूल उमलल्यावर साधारण चार आठवड्यांनी उसवून पाहावी. आतले दाणे हिरवे, टपोरे आणि नखानं सहज दबणारे असतात. टोकदार चिमट्यानं दाण्याचं टरफल बाजूला केलं, की आतला भ्रूण निसटून बाहेर येतो. दोन दलिका, म्हणजे रोपाची पहिली जाड पानं, एकमेकींवर दुमडलेल्या, आणि त्यांच्या घडीला टेकून मुळाचा बारीक दांडा. भिंगाखाली त्याचा हिरवा रंग स्पष्ट दिसतो. या वयाचा भ्रूण वाढत कमी असतो आणि साठवत जास्त असतो. पिकलेल्या दाण्याच्या कोरड्या वजनातला जो ४० ते ४५ टक्के भाग तेलाचा असतो, त्यातला बराचसा याच दिवसांत भरला जातो.

आता हा भ्रूण निर्जंतुक ताटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर ठेवायचा. खायला साखर आहे, क्षार आहेत, ऊब आहे, ओल आहे. म्हणजे साठवण निदान पूर्वीइतकी तरी चालू राहायला हवी. पण थोड्याच दिवसांत मुळाचा दांडा लांबू लागतो, दलिका सुटतात आणि भ्रूण रोप व्हायला निघतो. शेंगेत असता तर त्याला अजून कित्येक दिवस तेल आणि प्रथिनं भरायची होती. ते काम अर्ध्यावर टाकून तो मोड काढतो.

मार्था क्राउच आणि इयान ससेक्स यांनी १९८१ साली हे वागणं नीट मांडलं. त्याच जेलीत ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक मिसळलं, की त्याच वयाचे भ्रूण मोड काढत नाहीत. ते भ्रूणच राहतात, आणि दाण्यात जी साठवणीची प्रथिनं तयार झाली असती ती ताटलीतही तयार करत राहतात. साखर दोन्ही ताटल्यांत आहे. फरक एका संप्रेरकाचा.

तेलबियांचं शरीरशास्त्र शिकवताना मी सुरुवात नेहमी या दोन ताटल्यांपासून करतो. दाण्यात तेल कमी का भरलं, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, 'अन्न कमी पडलं असेल.' ते चूक नाही, पण अपुरं आहे. पोटभर साखर मिळत असलेला भ्रूणही साठवण सोडून देऊ शकतो, हे पहिल्या ताटलीत डोळ्यांनी दिसतं. भ्रूणापुढे दोन वाटा असतात, साठवत राहणं किंवा रुजणं. तेलाचा उतारा ठरतो तो पहिल्या वाटेवर त्याला किती दिवस धरून ठेवलं गेलं, आणि त्या दिवसांत कामाचा वेग किती होता, यावरून. पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतं.

प्रथिनांवरून तेलाकडे

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. सुरुवातीच्या या कामात मोजली गेली ती साठवणीची प्रथिनं. प्रथिनं भरली म्हणजे तेलही भरलं असेल, असं गृहीत धरणं सोपं आहे, पण प्रकरण अभ्यासात ते चालत नाही. तेलाचा पुरावा नंतर आला.

१९८९ साली रूथ फिंकेलस्टाइन आणि ख्रिस सॉमरव्हिल यांनी रेपसीडच्या वाढत्या भ्रूणांत स्निग्धाम्लं, म्हणजे तेलाचे घटक, तपासली. ॲब्सिसिक आम्लाच्या सान्निध्यात लांब साखळीची स्निग्धाम्लं जास्त साठत होती. रेपसीडच्या जुन्या वाणांची ओळख असलेलं २२ कार्बनांचं इरुसिक आम्ल याच गटातलं. १८ कार्बनांपर्यंतची साखळी पेशीतल्या लवक या कप्प्यात बनते. त्यापुढची लांबी लवकाबाहेर, अंतर्द्रव्यजाल या पडद्यांच्या जाळ्यात वाढते आणि तिथेच तीन स्निग्धाम्लं ग्लिसरॉलच्या कण्याला जोडून तेलाचा रेणू पुरा होतो. म्हणजे भ्रूण मोड काढत नाही एवढाच संप्रेरकाचा परिणाम नव्हता. तेल घडवण्याच्या शेवटच्या टप्प्यांपर्यंत तो पोचत होता.

याहून भक्कम पुरावा परागकणांपासून वाढवलेल्या भ्रूणांनी दिला. रेपसीडचे कोवळे परागकण योग्य अवस्थेत वेगळे करून काही दिवस सुमारे ३२ अंश सेल्सिअसवर ठेवले, तर त्यातले काही परागकण होण्याचा मार्ग सोडतात आणि थेट भ्रूण बनू लागतात. लिख्टर यांनी १९८२ साली रेपसीडमध्ये हे घडवून दाखवलं. या भ्रूणांना ना टरफल, ना भ्रूणपोष (भ्रूणाला पोसणारी ऊत), ना शेंग, ना आईची नाळ. संप्रेरकाचा परिणाम आईच्या इतर परिणामांपासून सोडवून पाहायचा असेल, तर याहून स्वच्छ मांडणी मिळणं कठीण. १९९५ साली झोउ, टेलर, अब्राम्स आणि सहकाऱ्यांनी अशाच भ्रूणांना ॲब्सिसिक आम्ल दिलं. तेल वाढलं, आणि तेलाच्या थेंबांना वेढणारी ओलिओसिन नावाची प्रथिनंही वाढली.

या ओलिओसिनकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पेशीतलं तेल मोकळं तरंगत नसतं. साधारण अर्ध्या ते दोन मायक्रॉनच्या थेंबांत ते बांधलेलं असतं. थेंबाभोवती मेदरेणूंचा एकपदरी पापुद्रा, आणि त्यात रुतलेली ओलिओसिन. हे आवरण नसेल तर थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतील, आणि दाणा वाळताना व पुन्हा भिजताना पेशीच्या आतली मांडणी ढासळेल. तेल आणि त्याचं आवरण एकाच इशाऱ्यानं वाढतं, म्हणजे तो इशारा साठवणीच्या सबंध कारखान्याचा आहे, एखाद्या यंत्राचा नाही.

संप्रेरकाशिवायही तेच कसं घडतं

प्रकरणाला खरी खोली आली ती १९८६ साली. फिंकेलस्टाइन आणि क्राउच यांनी जेलीत ॲब्सिसिक आम्लाऐवजी सॉर्बिटॉलचं प्रमाण वाढवलं. सॉर्बिटॉलनं जेलीतलं पाणी जणू बांधून ठेवलं जातं आणि भ्रूणाला ते सहज ओढता येत नाही. या ताटलीतले भ्रूणही रुजले नाहीत. उलट त्यांची वाढ दाण्यातल्या भ्रूणांसारखी चालू राहिली. तीन वर्षांनंतरच्या स्निग्धाम्लांच्या कामातही पाण्याची अशी ओढ आणि ॲब्सिसिक आम्ल यांचा परिणाम एकाच दिशेचा निघाला.

दाण्यात हीच परिस्थिती असते. वाढत्या दाण्यातला रस शर्करा आणि इतर विद्राव्य पदार्थांनी दाट असतो. त्यात बसलेला भ्रूण ओला असतो खरा, पण फुगायला लागणारं पाणी त्याला मोकळेपणी मिळत नाही. शिवाय टरफल आणि आईकडून येणारं ॲब्सिसिक आम्ल आहेच. म्हणजे रुजण्याला दोन अडसर, एक रासायनिक आणि एक पाण्याचा. भ्रूण जसजसा पक्वतेकडे जातो, तसतसा तो ॲब्सिसिक आम्लाला कमी दाद देतो. तेव्हा पाण्याचा अडसर महत्त्वाचा ठरतो. वाढीची परिस्थिती आणि संप्रेरकं ही दोन वेगळी प्रकरणं असल्यासारखी शिकवली जातात. इथे एकाची जागा दुसरं घेताना दिसतं.

हे संप्रेरक येतं कुठून? अरॅबिडॉप्सिस या छोट्या मोहरीवर्गीय वनस्पतीत कार्सेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ॲब्सिसिक आम्ल न बनवणाऱ्या झाडांशी दोन्ही दिशांनी (एकदा आई म्हणून, एकदा बाप म्हणून) संकर करून त्याचा माग काढला. दाणा भरण्याच्या मधल्या काळात दिसणारी मोठी उसळी मुख्यतः आईच्या ऊतींची असते. भ्रूण स्वतः बनवतो तो वाटा लहान असतो, पण सुप्तावस्था बसवतो तो हाच लहान वाटा. प्रमाण मोठं म्हणून काम मोठं, असं संप्रेरकांच्या बाबतीत म्हणता येत नाही. संप्रेरक कोणत्या ऊतीत आहे आणि कोणत्या दिवशी आहे, हे आधी विचारायचं. पाण्याच्या ताणाचा प्रश्न येईल तेव्हा हे पुन्हा लागणार आहे.

साखर मोजणारा पहारेकरी

भ्रूण साठवणीच्या वाटेवर टिकून राहिला, तरी कामाचा वेग उरतोच. तो समजायला सुरकुतलेल्या दाण्यांची मदत झाली. निकोल फॉक्स आणि क्रिस्टोफ बेनिंग यांनी १९९८ साली अरॅबिडॉप्सिसचं एक उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेलं) झाड वर्णिलं. त्याच्या दाण्यांत तेल ८० टक्क्यांनी कमी होतं आणि दाणे वाळल्यावर सुरकुतत. म्हणून नाव पडलं रिंकल्ड-१. पुढे २००४ साली त्यामागचं जनुक हाती लागलं. ते एका नियंत्रक प्रथिनाचं निघालं. शर्करेचं विघटन करणाऱ्या आणि स्निग्धाम्लं घडवणाऱ्या अनेक विकरांची (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची) जनुकं हे प्रथिन चालू करतं. भ्रूणाला भ्रूण ठेवणारे वरचे नियंत्रक, ज्यांत ॲब्सिसिक आम्लाशी जोडलेलं एबीआय-३ आणि लेक-२ येतात, साठवणीचा कार्यक्रम लावतात. त्यातला साखरेपासून स्निग्धाम्लांपर्यंतचा तुकडा रिंकल्ड-१ चालवतं.

माझ्या मते या सगळ्या साखळीत सर्वांत सुंदर दुवा २०१७ साली झाय, लिउ आणि शँक्लिन यांनी दाखवला. पेशीत साखर कमी असली की किन-१० नावाचं विकर रिंकल्ड-१ वर फॉस्फेटची खूण करतं, आणि खूण झालेलं प्रथिन तोडलं जातं. साखर मुबलक असली की किन-१० दबलेलं राहतं आणि रिंकल्ड-१ टिकतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट हा साखरेच्या सुबत्तेचा निरोप्या किन-१० ला थोपवून रिंकल्ड-१ ला सांभाळतो. म्हणजे पानं दमली, ढगाळ दिवस लांबले किंवा मुळांना पाणी मिळेना झालं, तर भ्रूणाला फक्त कच्चा माल कमी पडतो असं नाही. कारखाना चालवणारा मुकादमच कामावरून निघून जातो. उशिरा साखर आली तरी भरपाई पूर्ण होत नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं.

तेल महाग पडतं हेही लक्षात ठेवावं. १ ग्रॅम ग्लुकोजपासून स्टार्चसारखं कर्बोदक साधारण ०.८३ ग्रॅम बनतं, तेल मात्र ०.३३ ग्रॅमच्या आसपास. ज्या दाण्याचा निम्म्याजवळचा भाग तेल आहे, त्याला साखरेची ओढ किती लागत असेल! म्हणूनच शेंगा भरण्याच्या दिवसांतला थोडासा ताणही तेलबियांना जाणवतो.

हिरवा भ्रूण का?

शेंगेच्या आत, टरफलाच्याही आत असलेल्या भ्रूणाला हिरवं असण्याचं कारण काय, हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. शेंगेची भिंत आणि कोवळं टरफल काही उजेड आत सोडतात. पण तेवढ्या उजेडावर भ्रूण स्वतःचं पोट भरू शकत नाही. त्याचं अन्न नाळेतूनच येतं.

२००४ साली श्वेंडर, गॉफमन, ओलरॉग आणि शाखर-हिल यांनी रेपसीडच्या भ्रूणांना खूण केलेला कार्बन देऊन त्याचा प्रवास पाहिला. शर्करेपासून स्निग्धाम्लाचा कच्चा माल बनताना पायरुव्हेट या मधल्या रेणूच्या ३ कार्बनांपैकी १ कार्बन डायऑक्साइड म्हणून निसटतो. हिरव्या भ्रूणात रुबिस्को हे विकर, प्रकाशसंश्लेषणाचं नेहमीचं चक्र पूर्ण न करताच, निसटलेला कार्बन पुन्हा पकडून देतं. या वाटेनं स्निग्धाम्लासाठी २० टक्के जास्त कच्चा माल मिळतो आणि ४० टक्के कमी कार्बन वाया जातो, असा त्यांचा हिशेब होता. भ्रूणाचा हिरवा रंग म्हणजे गळती अडवणारा बांध. दाट पिकात खालच्या शेंगांवर सावली पडते, तेव्हा पानांकडून येणारी साखर कमी होते आणि हा बांधही कमजोर होतो.

उष्णता

कॅन्व्हिन यांनी १९६५ साली रेपसीडसह अनेक तेलबिया दाणे भरण्याच्या काळात १० ते २६.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच्या चार ठरावीक तापमानांत वाढवल्या. रेपसीडमध्ये तापमान चढत गेलं तसा तेलाचा उतारा उतरत गेला. करडई आणि एरंडी यांनी तेवढी दाद दिली नाही. त्यामुळे 'उष्णतेनं तेल कमी होतं' हे विधान पिकाचं नाव घेतल्याशिवाय करू नये.

रेपसीडला उष्णता दोन्ही बाजूंनी मारते. भ्रूणाचं वय उष्णतेत झपाट्यानं पुढे सरकतं, त्यामुळे साठवणीचे दिवस कमी होतात. दुसरीकडे श्वसन वाढतं आणि हाती आलेली साखर जळून जाते. साठवणीचे दिवस घटले, तेवढ्या प्रमाणात कामाचा वेग वाढत नाही. तेलाची जातही बदलते. थंडीत वाढलेल्या दाण्यांत लिनोलेनिकसारखी जास्त असंपृक्त स्निग्धाम्लं वाढतात, तर उष्णतेत ओलिक आम्लाचा वाटा वाढतो. ओलिकला पुढे असंपृक्त करणारी विकरं थंडीत जास्त टिकतात आणि जास्त काम करतात.

पाण्याचा ताण: प्रकरणातली गाठ

इथपर्यंत वाचून एखादा हुशार वाचक अडवेल. पाण्याचा ताण पडला की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढतं, हे सर्वमान्य आहे. ताटलीत ॲब्सिसिक आम्लानं तेल वाढतं, हेही पाहिलं. मग दाणे भरताना अवर्षण पडलं तर तेल वाढायला हवं. पण शेतात रेपसीडच्या दाण्यांतलं तेल अशा वेळी घटतं. हे कसं?

गाठ सुटते ती ऊत आणि दिवस यांच्या फरकानं. ताटलीत संप्रेरक थेट भ्रूणाला मिळालं, आणि साखर जेलीत होतीच. झाडात ताणानं वाढलेलं ॲब्सिसिक आम्ल आधी पानांवर काम करतं. पर्णरंध्रं मिटतात, पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि साखर घटते. साखर घटली की किन-१० जागं होतं आणि रिंकल्ड-१ तुटतं. शिवाय ताणलेलं झाड लवकर पिवळं पडतं, शेंगा लवकर वाळतात, साठवणीचे शेवटचे दिवसच हातातून जातात. एकच संप्रेरक भ्रूणात साठवणीच्या बाजूनं बोलतं आणि पानांत साखरेच्या विरुद्ध. म्हणून उभ्या पिकावर हे संप्रेरक फवारून तेल वाढवण्याची कल्पना ऐकायला सरळ वाटली तरी ती या प्रकरणातून निघत नाही. फवारा पानांवर पडतो, भ्रूणावर नाही.

नत्राबद्दल थोडक्यात. नत्र वाढवलं की दाण्यातलं प्रथिन वाढतं आणि तेलाची टक्केवारी सहसा उतरते. दोघांचा कच्चा माल एकाच साखरेतून येतो. एकूण दाण्याचं उत्पादन वाढलं असेल तर एकूण तेल वाढलेलंही असू शकतं. टक्केवारी आणि एकूण तेल यांची गल्लत फार जण करतात.

इतर संप्रेरकांपैकी जिबरेलिन सरळ दुसऱ्या बाजूचं. ते रुजण्याकडे ढकलतं, आणि अरॅबिडॉप्सिसमध्ये त्याच्या मार्गानं दाण्यातली स्निग्धाम्लं कमी होतात. जॅस्मॉनिक आम्ल रेपसीडच्या भ्रूणांत काही बाबतींत ॲब्सिसिक आम्लासारखं वागताना १९९१ साली दिसलं. ऑक्झिनची बाजू वेगळी, ती शेंगेच्या आणि दाण्याच्या आकाराची. रेपसीडमधल्या एआरएफ-१८ या ऑक्झिनशी निगडित जनुकातला नैसर्गिक फरक शेंगेची लांबी आणि दाण्याचं वजन दोन्ही बदलतो, हे २०१५ साली समोर आलं. तेल किती भरेल याआधी ते भरायला भांडं केवढं, हा प्रश्न असतो.

शेवटचे दिवस

साठवण संपत आली की दाण्यानं हिरवेपणा सोडायचा असतो. हरितद्रव्य मोडलं जातं, भ्रूण पिवळा होतो, पाणी उतरतं. रेपसीडच्या दाण्यांना याच सुमाराला कडाक्याची थंडी लागली, तर हा टप्पा अर्धवट राहतो. टरफल काळं, पण आतला गर हिरवा. तेल गाळताना हे हरितद्रव्य तेलात उतरतं, तेलाला हिरवट रंग येतो आणि ते लवकर खवट होतं. साठवण पुरी झाली होती, तरी माल हलका ठरतो.

इथेही ॲब्सिसिक आम्लाच्या कुटुंबातलं एबीआय-३ पुढे येतं. ज्या अरॅबिडॉप्सिसच्या झाडांत हे एबीआय-३ फार बिघडलेलं असतं, त्यांचे दाणे पिकूनही हिरवेच राहतात आणि वाळणं सोसत नाहीत. २०१३ साली डेलमास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मेंडेलच्या वाटाण्यातला पिवळा-हिरवा रंग ठरवणारं जनुक याच एबीआय-३ च्या ताब्यात आहे. एबीआय-३ मुद्दाम वाढवलं, तेव्हा थंडी सोसूनही अरॅबिडॉप्सिसच्या दाण्यांनी हिरवेपणा सोडला.

हातात आलेला माल तपासायचा असेल तर यासाठी यंत्र लागत नाही. मूठभर वाळलेले दाणे पांढऱ्या कागदावर पसरावेत आणि लाटण्यानं एकदा दाबून फोडावेत. फुटलेल्या दाण्यांभोवती कागद पारदर्शक होतो, ते तेल. आणि फुटलेल्या गरांमध्ये पिवळ्यांच्या सोबत हिरवे किती आहेत, ते बोटानं मोजता येतं.